चोरलेला च

काल वाचनालयाची माणसं घरी आली होती. अध्यक्ष देवरामशेठ, त्यांच्यामागं कमिटीतले दोघं, आणि ह्यांच्या खुर्चीवर आता जी ग्रंथपाल बसते ती भूमिका नावाची मुलगी. देवरामशेठांच्या काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो होता. आमच्या ह्यांचा. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, त्या दिवशी वाचनालयात लावायचा म्हणाले.

फोटो मोठा केलाय, रंग भरलाय. स्टुडिओवाल्यानं टोपीसुद्धा सरळ करून दिलीय. मी म्हटलं, अरे देवा, हा कोण माणूस? आमच्या ह्यांची टोपी लग्नात सरळ नव्हती ती फोटोत कुठून सरळ व्हायची? सगळे हसले, मीपण हसले. मंग देवरामशेठांनी फ्रेमखालची कोरी पितळी पट्टी दाखवली.

"वहिनी, इथं नाव घालायचं, आणि नावाखाली मास्तरांचं आवडतं वाक्य. वाचाल तर वाचाल."

माझ्या हातात चहाचा ट्रे होता. तो मी खाली आपटला, दोन कप सांडले.

"खबरदार!" म्हटलं. "ती ओळ ह्यांच्या नावाखाली आली तर फोटो मी स्वतः काढून घरी आणीन."

नवी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. बाईचं डोकं फिरलं असं वाटलं असणार. पण देवरामशेठ तेव्हापण अध्यक्ष होते, आणि त्यांनासुद्धा आठवेना. वाचनालयाला क वर्ग मिळाला त्या दिवसाचे पेढे त्यांना आठवतात. पोर आठवत नाय. मंग मी बसवलं सगळ्यांना आणि सांगितलं. तेच आता तुमाला सांगते.

आमचे हे, म्हणजे कुंडलिक देसले, टोकावड्याचेच. मॅट्रिक झाल्यावर कल्याणला एका छापखान्यात खिळे जुळवायला होते. डोळ्यांना त्रास व्हायला लागला म्हणून गावी परत आले, आणि एस्टी स्टँडजवळच्या खोलीत जागृती वाचनालय निघालं तिथं ग्रंथपाल झाले. गाव ह्यांना मास्तरच म्हणायचं. पगार म्हणाल तर सांगण्यासारखा नव्हता. भात आमचं घरचं होतं म्हणून चाललं.

पुस्तकांवर जीव असा, की सासूबाई म्हणायच्या, ह्याचं लगीन कपाटाशीच लावायला पायजे होतं. कुणी पानाचा कोपरा दुमडून पुस्तक परत आणलं की ह्यांचा स्वतःचा कान पिळल्यासारखं तोंड व्हायचं. फाटलेली पानं भाताच्या खळीनं चिकटवायचे आणि माझ्या पाट्याखाली दाबून ठेवायचे. चटणी वाटायला जावं तर पाट्याखाली पुस्तक! आमची निम्मी भांडणं त्या पाट्यावरून.

दुसरी हौस पाट्या रंगवायची, लाकडी पाट्या. अक्षर अगदी छापल्यासारखं. गावात कुणाचं दुकान निघालं की बोर्डाला ह्यांनाच बोलावायचे. मंग वाचनालयाची बाहेरची भिंत कोरी कशी ठेवतील? गिलावा नवा झाला तसं ह्यांनी निळ्या रंगात, रस्त्यावरून दिसेल एवढं मोठं लिहिलं. वर 'जागृती सार्वजनिक वाचनालय' आणि खाली 'वाचाल तर वाचाल'. लिहून झाल्यावर रस्त्यापलीकडं पारूबाईच्या टपरीवर चहा घेत बघत बसले. मला म्हणाले, "भागे, एकाच शब्दात दोन अर्थ. मराठीतच होतं गो हे."

मी म्हटलं, "आता एका चहात दोन कप पाजा मला." काय ते हसणं ह्यांचं! त्या भिंतीकडं बघून हसलेले मी शेवटचं तेव्हा बघितले.

सत्त्याण्णव साल. वाचनालय ड वर्गात होतं, ते क वर्गात जावं म्हणून ह्यांची सगळी धडपड. वर्ग वाढला की अनुदान वाढतं, अनुदान वाढलं की पुस्तकं. प्रस्ताव ठाण्याला द्यायचा होता. भाद्रपदात, गौरी-गणपती झाल्यावर एक दिवस हे पहाटेच्या एस्टीनं ठाण्याला गेले. मी माहेरी खर्डीला होते, भावाच्या मुलीचं बारसं होतं. जाताना ह्यांनी वाचनालयाच्या दाराला पुठ्ठा लावला. त्यावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'कार्यालयीन कामानिमित्त आज वाचनालय बंद राहील.'

पुढचं मला पारूबाईनं सांगितलं, आणि थोडं ह्यांनी.

सकाळी, टपरीचा स्टोव्ह पेटला तेव्हाच, एक ठाकर बाई डोंगराकडच्या वाटेनं आली. पदरात पोर बांधलेलं. चार-एक वर्षांची मुलगी. बाई वाचनालयाच्या पायरीवर बसली. दाराला कुलूप, दारावर पुठ्ठा. ती बसूनच राहिली. मधेच उठून पारूबाईच्या माठातलं पाणी मागून नेलं, पोरीच्या तोंडाला लावलं, पोरीनं ओकून टाकलं. परत बसली. दुपार झाली. माणसं येत होती, पुठ्ठा वाचत होती, परत जात होती. पेपर वाचायला येणारे दोन रिटायर मास्तर आले, वाचून गेले. कॉलेजची पोरं आली, वाचून गेली. शिकली सवरली सगळी! एकानं तरी विचारावं, बाई गो, इथं का बसलीस? नाय. सगळ्यांना वाटलं एस्टीला बसलीय.

पारूबाईलापण तेच वाटलं. ती मला सांगताना रडली. म्हणाली, "भागीरथीवैनी, मी म्हनलं एस्टी चुकली आसंल बिचारीची."

मला त्या दिवशी सगळ्या गावाचा राग आला. आजही येतो. दवाखाना कुठं होता माहीत आहे का? समोरच. पारूबाईच्या टपरीमागं, चिंचेच्या आड. पायरीवरून हाक मारली असती तर नर्सबाईला ऐकू गेली असती.

संध्याकाळी हे एस्टीतून उतरले. प्रस्ताव दाखल झाला होता, साहेब गोड बोलले होते, म्हणून ह्यांनी कल्याणला उतरून माझ्यासाठी खाजा घेतला होता. पायरीवर बाई दिसली. "काय पायजे गो?" म्हणून विचारलं. सबंध दिवसात तिला विचारणारा हा पहिला माणूस. तिनं पदर सोडून पोर दाखवलं.

जुलाब-उलट्यांनी पोर वाळून गेली होती. डोळे खोल, हातपाय गार. ह्यांनी पिशवी तिथंच टाकली आणि पोरीला उचलून चिंचेकडं पळाले. डॉक्टर होते, बिचारे हातातलं काम सोडून धावले. सलाईनला शीर सापडेना. मोठ्या मुश्किलीनं सापडली, तेव्हा म्हणाले मुरबाडला न्या, मी चिठ्ठी देतो, थांबू नका. काळी-पिवळी जीप केली. हे पुढं, सोमी मागं, पोर तिच्या मांडीवर. सोमी हे त्या बाईचं नाव. आणि पोरीचं नाव लहानी.

मुरबाड यायच्या आधीच लहानी गेली.

जीप तिथंच वळवली. परतताना सोमी रडत नव्हती. ती ह्यांना एवढंच म्हणाली, "मास्तर, तुमी तिथलेच ना? मंग दार का उघडलं नाय?"

ह्यांना त्याचा अर्थ लागेना. पोरीच्या दुःखात काहीतरी बोलतेय असं वाटलं. अर्थ लागला दुसऱ्या दिवशी, मूठमाती झाल्यावर. सोमीचा दीर बुधू वाचनालयात आला. बुधू आश्रमशाळेत दुसरीपर्यंत गेलेला. दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर, चूक माझी हाय. मीच तिला सांगितलं इथं आन म्हनून."

"इथं? वाचनालयात?"

"गेल्या साली माझा पाय मोडला, तवा मला मुरबाडला नेलं. तिथं दारावर लिवलं व्हतं, रुग्णालय. ते मी वाचलं. बाजारला आलो तवा इथली भिंत वाचली. वाचनालय. म्हनलं, तिथं रुग्ण ठेवतात, हितं वाचवतात. खाली पन तेच लिवलं व्हतं ना, वाचाल. दोनदा लिवलं व्हतं. वैनीला मी वाचून दावलं व्हतं. म्हनलं, कवा काय झालं तर हितं यायचं."

आता तुमी सांगा, काय चुकलं होतं बुधूचं? रुग्णालय, वाचनालय. अक्षर न अक्षर बरोबर वाचलं होतं त्यानं. ह्यांनी त्याला हाताला धरून आत बसवलं, पाणी दिलं. म्हणाले, "तुझं बरोबर आहे बुधू. तू बरोबर वाचलंस." एवढंच बोलले. बुधू गेल्यावर दार लावून घेतलं.

मी खर्डीहून आले तर हे बादलीत चुना घेऊन भिंतीशी उभे. ती ओळ पुसत होते. चुन्याखालून निळा रंग वर यायचा, परत हात मारायचे. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, "आधी हे पुसू दे." मंग रात्री जेवताना सांगितलं. जेवण कसलं, ताट तसंच सरकवलं.

देवरामशेठ आले ओरडत. "मास्तर, तपासणी तोंडावर आली आणि भिंत विद्रूप केलीत? सुविचार होता तो!"

हे म्हणाले, "सुविचार होता म्हणूनच पुसला."

आणि त्याच जागी ह्यांनी दुसरं काढलं. अक्षर एकपण नाय. तांबडी फुली, आणि चिंचेकडं बोट दाखवणारा हात. अडाणी माणसालापण कळेल असा. लोक हसले. वाचनालयाच्या भिंतीवर दवाखान्याचा हात! हसू दे म्हणाले.

त्या दिवसापासून ह्यांचं वागणंच बदललं. वाचनालय आधी सकाळी दोन-तीन तास आणि संध्याकाळी दोन-तीन तास उघडं असायचं. आता सकाळी मी झाडायला जायचे तेव्हा उघडायचं ते दिवेलागणीपर्यंत. दुपारी जेवायला घरी यायचे तर मला तिथं बसवून यायचे. "भागे, जरा बस गो." सुट्टीच्या दिवशीपण तेच. नर्सबाईकडून जलसंजीवनीची पाकिटं आणून कपाटात, कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवली. कुणाला रेशनचा कागद वाचून पायजे, कुणाला एस्टीची पाटी, कुणाला औषधाच्या बाटलीवरचं, सगळे आत यायला लागले. आणि दर बुधवारी पत्र्याच्या पेटीत पुस्तकं भरून हे डोंगराखालच्या वाड्यांवर जायला लागले. एस्टीनं फाट्यापर्यंत, मंग पेटी डोक्यावर.

मी भांडायचे. "अवो, आधी तिथं एकाला तरी वाचता येतं का? आणि पेटी घेऊन तुमी सोमीच्या वाडीवर कशाला जाता? तिच्या जखमेवर मीठ."

हे पेटीत पुस्तकं लावत राहायचे. एकदा म्हणाले, "जावं लागतं. न गेलो तर झोप नाय येत." ह्यांना त्या वाडीत कुणी दार दाखवलं असतं, शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. पण तिथली माणसं चांगली. घोंगडी टाकायची, बसा म्हणायची, पुस्तकं मात्र कुणी हातात घ्यायचं नाय.

चौथ्या की पाचव्या खेपेला सोमी घराबाहेर आली. पेटीजवळ उकिडवी बसली. पुस्तकाला हात न लावता विचारलं, "मास्तर, तुमच्या भिंतीवर काय लिवलं व्हतं?"

हे सांगणार काय? वाचाल तर वाचाल? तिच्या तोंडावर?

"होतं काहीतरी," म्हणाले. "पुसलं ते."

"का पुसलं? मला बघायचं व्हतं." आणि मंग तिनं जे म्हटलं ते हे आयुष्यभर विसरले नाय, मी कशी विसरीन? म्हणाली, "दुसऱ्याच्या डोळ्यानी वाचलं, नि पोरगी गेली. आता माझ्या डोळ्यानी वाचायचं हाय. शिकवा मला. नि शिकले की ती ओळ लिवून दावा."

हे हो म्हणून आले. आणि घरी येऊन अंथरुणावर पडले ते दोन दिवस उठले नाय. ह्यांना साप, विंचू, तपासणीचे साहेब, कशाचं भय नव्हतं. भय एकच, की एक दिवस ही बाई शिकेल आणि त्या दिवशी ती ओळ तिच्यापुढं लिहायला लागेल.

सोमी बाजारच्या दिवशी यायला लागली. करटोली, रानकेळी, मधाचं पोळं, जे असेल ते विकून झालं की वाचनालयात. आत यायची नाय. त्याच पायरीवर बसायची, जिथं त्या दिवशी बसली होती. मी म्हणायचे, "आत ये गो, ऊन लागतंय." तर म्हणायची, "हितंच बरी." मंग मीपण दाण्याचं सूप घेऊन तिच्याशेजारी पायरीवर बसायला लागले. निवडता निवडता ऐकायचे.

पहिला शब्द ह्यांनी शिकवला तो दवाखाना. तिचं नाव नाय, ग म भ न नाय. दवाखाना. तो येईपर्यंत दुसरा शब्द नाय. दुसरा तिनं स्वतः मागितला. "लहानी कसं लिवतात?" ह्यांनी पाटीवर लिहिलं. ती कितीतरी वेळ बोटानं गिरवत होती. पदरानं पुसायची नाय. पाटी तशीच ठेवा म्हणाली, पुढच्या बाजारी दुसरीवर शिकीन.

बाई डोक्यानं तल्लख. एस्टीची पाटी लांबून वाचायची, "मुरबाड, कल्यान!" आणि आपल्याच आवाजाला लाजायची. एकदा ड्रायव्हरनं पाटी बदलली नव्हती, गाडी आळेफाट्याला चालली होती आणि पाटीवर कल्याण. सोमीनं उठून ड्रायव्हरला ओरडून सांगितलं. सगळा स्टँड हसला. मला काय आनंद झाला सांगू! मी दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली.

पण मी एक बघत होते. महिने गेले, क झाला, ख झाला, ग घ झाले. छ झाला, ज झाला. ट ठ ड ढ झाले. व होता, ल होता, त आणि र कधीच झाले होते. आमचे हे मधलं एक अक्षर शिकवतच नव्हते. तिनं त्याच्या जवळ यावं की हे म्हणायचे, आज आधी जोडाक्षरं करू. साध्या अक्षरांच्या आधी जोडाक्षरं! मी घरी आल्यावर म्हटलं, "अवो, च कुठं गेला? गिळला का?"

हे पाट्याखालचं पुस्तक काढत होते. वळले नाय. म्हणाले, "भागे, तेवढं राहू दे थोडे दिवस."

मला दया आली, आणि चीडपण आली. म्हटलं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाय.

आणि तसंच झालं. वैशाखातला बाजार होता. सोमी पायरीवर बसून रस्त्यापलीकडं बघत होती. पारूबाईच्या टपरीवर ह्यांनीच रंगवलेली पाटी, चहा. सोमी म्हणाली, "मास्तर, ह्यो 'हा' माझ्या लहानीतला. वळखला मी. पन त्याच्या आदी ह्यो कोन उभा हाय?"

हे आत कपाट आवरत होते. त्यांनी ऐकलं नाय असं दाखवलं.

ती आपल्याशीच बोलत राहिली. "पारूबाय विकते काय? च्या. म्हंजे च्या-हा. च-हा. चहा!" आणि आत वळून बघितलं. "मास्तर, तुमी माझं एक अक्षर चोरलंय."

ह्यांच्या हातातून पुस्तक पडलं. ते उचलून परत जागेवर ठेवलं आणि म्हणाले, "हो. चोरलं."

"का?"

"वार्षिक सभा झाली की सांगतो."

तपासणी त्याआधी होऊन गेली होती. साहेब आले, भिंतीवरचा हात बघून विचारलं, हे काय? ह्यांनी जसं झालं तसं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून पुसला, आणि पुढं काही विचारलं नाय. वर्ग मिळाला. सभेत देवरामशेठांनी अहवाल वाचला. सभासद वाढले, वेळ वाढली, वाड्यांवर फिरती पेटी सुरू झाली, जागृती वाचनालय क वर्गात गेलं, वर्ष सेवेचं आणि प्रगतीचं गेलं. टाळ्या. हे एका कोपऱ्यात मान खाली घालून. टोपी वाकडी.

पेढे वाटून माणसं गेली. सोमी पायरीवर होती. तिला मी पेढा दिला, तिनं पदरात बांधला. मंग ती उठली, आणि त्या वर्षात पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. टेबलासमोर उभी राहिली. तिच्या हातात पाटी होती.

"लिवा मास्तर."

हे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "लिहा. आता नाय लिहिलं तर कधीच लिहिणार नाय."

ह्यांनी लिहिलं. छापल्यासारखं अक्षर ह्यांचं, पण त्या दिवशी ओळ तिरकी गेली. वाचाल तर वाचाल. पाटी तिच्यापुढं केली आणि खाली बघत उभे राहिले, वर्गात मार खायला उभं राहतात तसे.

सोमीनं बोट ठेवलं. "वा... चा... ल. वाचाल. त... र. तर. वा... चा... ल." थांबली. परत पहिल्यापासून वाचलं. मंग परत.

"ह्यात वाचणं म्हंजे जगणं कोनतं?" तिनं विचारलं.

ह्यांनी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं.

"आन पुस्तक वाचणं?"

ह्यांनी पहिल्यावर ठेवलं.

तिनं पाटी उजेडाकडं धरली. एकदा पहिला शब्द बघितला, एकदा शेवटचा. अक्षर न अक्षर ताडून बघितलं. वा आणि वा. चा आणि चा. ल आणि ल.

"दोनी सारकेच हायेत," ती म्हणाली. "मंग मी कुठं चुकले, मास्तर?"

रागानं नाय विचारलं. खरोखर विचारलं, की कुठं चुकलं ते कळावं. आमचे हे त्या टेबलावर डोकं ठेवून लहान पोरासारखे रडले. "तू नाय गो चुकलीस. तू नाय चुकलीस," एवढंच म्हणत होते. आणि सोमी, जी जीपमध्ये रडली नाय, पोरीला पुरताना रडली नाय, ती त्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडली. तिघं आमी रडत होतो आणि दार उघडं होतं. कुणी पुस्तक बदलायला आलं ते तसंच परत गेलं.

त्यानंतर हे दहा वर्षं जगले. वाचनालय ब वर्गात गेलं, इमारत झाली, कॉम्प्युटर आला. ह्यांनी दार कधी दिवसा लावलं नाय. तापानं फणफणत असले तरी जाऊन खुर्चीवर बसायचे. शेवटच्या आजारात सोमी दर बाजारी घरी यायची, अंथरुणाशी बसून पेपर वाचून दाखवायची. अडली की हे डोळे मिटूनच सांगायचे, "वाच गो, वाच." त्यातला कोणता अर्थ होता ते मी त्यांना कधी विचारलं नाय.

हे सगळं काल मी कमिटीला सांगितलं. देवरामशेठांनी रुमाल काढला. म्हणाले, "वहिनी, मला कसं आठवलं नाय हो?" मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला. मंग म्हणाले, पट्टीवर काय लिहायचं ते तुमीच सांगा. मी म्हटलं, माझा काय अधिकार? आज बाजार आहे. सोमीला विचारा.

तिला बोलावून आणलं. केस पांढरे झालेत तिचे. फोटो दोन हातात धरून बघितला, टोपी बघून हसली. पट्टी कोरी का म्हणून विचारलं, तेव्हा भूमिकेनं सांगितलं की काय लिहायचं ते तुमच्यावर ठेवलंय.

सोमीनं कोऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं. मंग म्हणाली, "नाव लिवा त्यांचं. बाकी लिवू काय नका. दार उघडं ठेवा. ज्याला वाचता येत नाय त्यालापन ते दिसतं."

देवरामशेठांनी लगेच मान डोलावली. भूमिका मात्र गडबडली. पोर नोकरीवर नवीन, घर मुरबाडला. म्हणाली, "पण काकी, सोमवारी माझी सुट्टी असते."

मी म्हटलं, असू दे. उद्या सोमवार आहे. चावी माझ्याकडं देऊन जा.